आजारी-अधू ससे आजन्म सांभाळायचे तर किती घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पैदास बंद झालेल्या एका ठिकाणाहून सोडवलेले तीन ससे तुमच्याकडे आले आहेत. एका मादीची मान डावीकडे पूर्ण वळलेली, एक नर कमरेखाली लुळा, तिसऱ्याचे पुढचे दात इतके वाढलेले की तोंड मिटत नाही. एका डॉक्टरांनी तिघांनाही झोपवायचा, म्हणजे इंजेक्शनने शांत मरण द्यायचा, सल्ला दिला, दुसऱ्यांनी उपचार सुरू केले. तिथे असेच आणखी नऊ-दहा ससे आहेत आणि तुमच्याकडे दोन रिकाम्या खोल्या आहेत. अशा सशांसाठी कायमचा निवारा सुरू करावा का, की त्यांना जगवणं म्हणजे हाल लांबवणं, असं तुम्ही विचारलं आहे.

हालांबद्दल आधी बोलते, कारण त्याच विचाराने तुमची झोप उडाली असणार. मी सोळा वर्षं असेच ससे सांभाळते आहे. वाकडी मान, लुळे पाय, काढून टाकलेले दात यातल्या कशानेही सशाचं जगणं आपोआप हलाखीचं होत नाही. दुखणं आटोक्यात असेल, पोट चालू असेल आणि कातडी कोरडी असेल तर असा ससा आवडीने खातो, सोबत्याला चाटतो, उन्हाच्या तुकड्यात पसरून झोपतो. यातलं एक जरी सतत बिघडलेलं राहिलं तर मात्र त्याचे खरोखर हाल होतात. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न इतकी वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ हे सगळं कोण करणार, हा आहे. माझ्याकडे सल्ल्याला येणारे बहुतेक जण खोल्या मोजून आलेले असतात. मी त्यांना मिनिटं मोजायला लावते.

बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सशांची जाण असलेला डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहे की दिवसभराच्या? घरात हे काम शिकायला तयार असलेलं दुसरं माणूस आहे का? तिघांची वयं काय, आणि निदान तपासण्या करून झालं आहे की नुसतं बघून? डॉक्टरांचं इतक्या ठामपणे म्हणते, कारण कुत्र्या-मांजरांना रोज दिली जाणारी काही औषधं सशाच्या जिवावर उठतात. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि ससा काही दिवसांत जातो. पिसवांसाठी मानेवर टाकतात ते फिप्रोनिलही सशाला चालत नाही. ही दोन नावं मोठ्या अक्षरांत लिहून औषधांच्या कपाटावर चिकटवा. तुम्ही घरी नसताना कोणीतरी भल्या हेतूनेच ती देऊन बसेल.

आता मान वळलेल्या मादीकडे वळू. याची मुख्य कारणं दोन. एक म्हणजे कानाच्या आतल्या भागातला जंतुसंसर्ग. दुसरं म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी, जो मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांवर घाला घालतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे. कानाची तपासणी, कवटीचा एक्स-रे किंवा जमल्यास सीटी स्कॅन, आणि रक्ताची चाचणी यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. रक्तचाचणीतून संपर्क आला होता एवढं कळतं, आजार त्याचाच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. परजीवीवर साधारणपणे फेनबेंडाझोल 28 दिवस देतात, वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. त्याने क्वचित रक्तपेशी घटतात, म्हणून मधे एकदा रक्त तपासून घ्या, आणि डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. हा परजीवी लघवीवाटे पसरतो. तिघेही एकाच ठिकाणचे असल्याने तिघांचाही संपर्क आला असेल असं धरूनच चाला, भांडी-अंथरुणं रोज स्वच्छ करा. घरात कोणाची प्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे कमी असेल तर त्यांनी पिंजरे साफ करू नयेत.

माझ्याकडे अशी पहिली मादी आली तिचं नाव मी तिरपी ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात ती उभी राहायला गेली की गोल गोल लोळत जायची आणि भिंतीवर आपटून थांबायची. बघवत नसे. मी जुन्या टॉवेलांची जाड चुंबळ केली आणि तिला मधे बसवलं, म्हणजे चारी बाजूंनी टेकू मिळाला. पाण्याची बाटली काढून उथळ, जड वाटी ठेवली आणि गवताची एकेक काडी तोंडापाशी धरत राहिले. अकराव्या दिवशी तिने चुंबळीबाहेर मान काढून स्वतः गवत ओढलं. मान पुढे कधीच सरळ झाली नाही, तरी त्या वाकड्या मानेनं ती सहा वर्षं खोलीभर फिरली. तिच्या बाबतीत माझ्याकडून एक गोष्ट उशिरा लक्षात आली, ती तुमच्याकडून राहू नये. मान वळली की एक डोळा सतत जमिनीकडे असतो, पापणी नीट मिटत नाही, तो कोरडा पडतो, गवताची काडी टोचते आणि बुबुळावर जखम होते. खालच्या डोळ्यात डॉक्टरांनी सांगितलेलं वंगण-मलम दिवसातून तीन-चार वेळा घालायला लागतं. मान हाताने सरळ करायचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. त्याने काही सुधारत नाही, तोल आणखी जातो आणि ससा घाबरतो.

लुळ्या सशाबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिघांत सगळ्यात जास्त वेळ तो घेणार आहे. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांची ताकद प्रचंड. कोणी चुकीचं उचललं आणि त्याने हवेत लाथ झाडली की कमरेचा मणका मोडतो. तुमच्या नराचं असंच झालं असू शकेल, किंवा मघाच्याच परजीवीने पाय गेले असतील, म्हणून आधी पाठीचा एक्स-रे काढून घ्या. पाय परत येवोत न येवोत, रोज सांभाळायचं असतं ते लघवी, कातडी आणि मऊ लेंड्या.

ससा आहारातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि जादाचं लघवीवाटे टाकतो. लुळ्या सशाचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल तर तळाशी खडूच्या लगद्यासारखा पांढरा गाळ साचतो, मग जळजळ आणि संसर्ग. अशा वेळी हाताने लघवी काढावी लागते. हे वाचून किंवा व्हिडिओ बघून शिकू नका. डॉक्टरांचा हात तुमच्या हातावर असतानाच शिका, कारण जोर जास्त झाला तर मूत्राशय फाटू शकतं. मी जमिनीवर बसते, सशाला मांडीवरच्या टॉवेलवर ठेवते, त्याची पाठ माझ्या पोटाला टेकलेली. पोटाच्या खालच्या बाजूला दोन्हीकडून सपाट बोटं लावली की पाणी भरलेल्या छोट्या फुग्यासारखं लागतं. सावकाश, एकसारखा दाब. धार सुरू झाली की दाब वाढवायचा नाही, तेवढाच धरून ठेवायचा. फुगा दगडासारखा कडक लागला आणि थेंबही येत नसेल तर हात काढायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

त्यानंतर मांड्यांची आतली बाजू बघायची. लघवीने भिजलेली कातडी आधी गुलाबी होते, मग लाल, मग केस गळून सोलवटते. फक्त तेवढाच भाग कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा, पूर्ण कोरडा करा. सगळ्या सशाला आंघोळ घालू नका, धक्क्याने आणि गारठ्याने ससे दगावलेले आहेत. अंथरूण असं हवं की ओल खाली झिरपेल आणि वरचा थर कोरडा राहील. उबदार हवेत माश्या ओल्या-मळक्या केसांत अंडी घालतात आणि दिवसाच्या आत अळ्या कातडीत घुसतात. त्या दिवसांत शेपटीखाली दोन वेळा बघणं चुकवायचं नाही, तुमचं स्वतःचं जेवण चुकलं तरी चालेल.

मऊ लेंड्यांची गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या गोल तुम्ही रोज झाडता त्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, बारीक द्राक्षांच्या घोसासारख्या. त्या तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, कारण त्यात आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेली ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात. लुळा ससा तिथवर वाकू शकत नाही. मग तो घोस केसांत चिकटतो, लोक त्याला जुलाब समजून पुसून टाकतात, आणि ससा खात असूनही वाळत जातो. माझ्याकडच्या लुळ्यांना मी तो ताजा घोस बोटावर घेऊन तोंडापाशी धरते. बहुतेक जण लगेच घेतात.

लुळ्या सशाला फिरता यावं म्हणून कमरेखाली बांधतात त्या चाकांच्या गाडीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. माझं मत प्रतिकूल आहे. थोडे ससे तीत रमतात, पण बरेच जण घाबरून गोठतात, पट्टे घासून जखमा होतात आणि पुढच्या पायांवर ताण येतो. न घसरणारी मऊ जमीन आणि सगळं एका पातळीवर ठेवलेलं खाणं-पाणी यांनी बहुतेकांना जास्त मोकळं वाटतं.

दातांचा ससा त्या मानाने सोपा, पण त्याचा खर्च आणि दवाखान्याच्या फेऱ्या आयुष्यभराच्या. सशाला 28 दात असतात आणि सगळे जन्मभर वाढतात. पटाशीचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. वर-खालचे दात एकमेकांवर घासले नाहीत की ते वळून टाळूत किंवा ओठांत शिरतात. नेलकटरने कापायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी संसर्ग होतो. ते यंत्राने घासून कमी करायचे असतात. दर महिन्याला हे करावं लागणार असेल तर सहाही पटाशीचे दात एकदाच काढून टाकणं मला जास्त दयेचं वाटतं. ससा ओठांनी खायला शिकतो, तुम्ही पाला बारीक पट्ट्यांत चिरून द्यायचा. दाढांचं तसं नाही. दाढांना आतून टोकं येतात, जीभ कापली जाते, आणि भूल देऊन ती घासावी लागतात, काहींना दर दीड-दोन महिन्यांनी. खालच्या जबड्यावरून बोट फिरवायची सवय ठेवा. टणक गाठ लागली तर ते मुळाशी झालेलं गळू असू शकतं. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, टोचून निचरा होत नाही, शस्त्रक्रिया लागते. आणि भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर परत विचारा. सशाला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं थांबू देणं धोक्याचं असतं.

तिघांनाही लागू असलेली गोष्ट आतड्याचीच. दुखणं, भीती, उष्मा, भूल, सोबत्याचा मृत्यू, कशानेही सशाचं आतडं मंदावतं आणि थांबतं. लेंड्या बारीक, वाकड्या, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसू लागतात, मग येतच नाहीत. ससा कोपऱ्यात आखडून बसतो, दात करकर वाजवतो. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल तर ती आणीबाणी समजा, सकाळपर्यंत वाट बघू नका. घरात थर्मामीटर ठेवा. सशाचं नेहमीचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस. ते 38 च्या खाली उतरलं असेल तर आधी ऊब द्या, मग दवाखाना. सिरिंजने भरवायला आम्ही सगळे शिकतोच, पण पोट फुग्यासारखं ताणलेलं असेल तर भरवू नका, आत अडथळा असू शकतो. आणि भरवताना सिरिंज बाजूने, दातांच्या मधल्या फटीतून, एका वेळी थोडंच. ससा नाकानेच श्वास घेतो, अन्न श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते.

म्हणून माझी सकाळ लेंड्यांपासून सुरू होते. उठल्यावर दिवा लावायच्या आधीच मी प्रत्येकाच्या जागेवर वाकून बघते: किती आहेत, केवढ्या आहेत. रोज त्याच माणसाने बघितल्या तरच फरक कळतो. आठवड्यातून दोनदा वजन. वयस्क सशाचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर तो ससा कितीही खेळकर दिसो, दवाखान्यात जातो. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे, आजार लपवणं त्याच्या अंगात असतं, वजनाचा काटा मात्र काही लपवत नाही.

आता मिनिटांचा हिशेब. हे माझ्या वहीतले आकडे आहेत, तुमचे थोडे वेगळे येतील. मान वळलेली मादी पहिल्या महिन्यात रोज दीड-दोन तास घेईल, स्थिर झाल्यावर वीस मिनिटं. लुळा नर तीन वेळांत मिळून रोज पाऊण ते एक तास, आणि तो कधी कमी होणार नाही. दातांच्या सशाला पाला चिरून देणं, तोंड पुसणं, वजन धरून वीस-पंचवीस मिनिटं. तिघांची साफसफाई वेगळी. नोकरी सांभाळणाऱ्या एका माणसाला सुरुवातीला हे तिघे पूर्ण भरून उरतात. वर एखादा आजारी पडला की त्या आठवड्यात दर तीन-चार तासांनी, रात्रीही, भरवावं लागतं. तेवढी जागा दिवसात रिकामी असायला हवी.

हे मी स्वतः चुकून शिकले आहे. आठव्या वर्षी माझ्याकडे अकरा ससे होते आणि मला ते जेमतेम झेपत होते. एकाने आणखी चार आणून सोडले, मला नाही म्हणवलं नाही. दहाव्या दिवशी घाईघाईत मी एका जुन्या लुळ्या सशाची लघवी सकाळी काढली आणि संध्याकाळची राहिली. दुसऱ्या दिवशी कामाच्या रेट्यात मी त्याला फक्त वरवर बघितलं. तिसऱ्या दिवशी तो खात नव्हता. दोन दिवसांत तो गेला. त्याच्याकडे पिंजरा होता, अन्न होतं, औषध होतं. त्याच्या वाट्याची वीस मिनिटं मी दुसऱ्याला दिली होती. तेव्हापासून माझ्या दारावर आकडा लिहिलेला आहे, आणि त्या आकड्याच्या वर मी ससा घेत नाही, कोणी दारात रडलं तरी. नाही म्हणते आणि मग त्या सशासाठी दुसरं घर शोधायला बसते.

सोबतीबद्दल. ससा एकटा कष्टी होतो, आजारी ससा तर जास्तच. पण आधी तिघांचीही नसबंदी. नराची केल्यावरही काही आठवडे त्याला मादीपासून वेगळं ठेवा. मादीची तर अगदी आवश्यक, कारण न काढलेल्या गर्भाशयात वयाबरोबर कर्करोग होण्याचं प्रमाण फार मोठं असतं. मग सावकाश, देखरेखीखाली ओळख. लुळ्या सशाला शांत, वयस्क सोबती द्या, धसमुसळा तरुण नको. दवाखान्यात जाताना जोडीला बरोबर न्या. आणि जोडीतला एक गेला तर दुसऱ्याला त्याच्याजवळ थोडा वेळ राहू द्या. माझ्याकडचे ससे हुंगतात, चाटतात, मग बाजूला होऊन बसतात. ज्यांना हे करू दिलं नाही ते दिवसेंदिवस शोधत राहिलेले मी बघितले आहेत.

झोपवण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका, तो प्रश्न तुमच्यापुढे कधीतरी येईलच. मी प्रत्येकासाठी रोज एका ओळीची नोंद ठेवते: स्वतःहून खाल्लं का, कशात रस दाखवला का, शांत झोपला का, दुखण्याचं औषध पुरलं का. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले आणि डॉक्टरांकडे दुखणं कमी करायचा मार्ग उरला नाही की मी निर्णय घेते, आणि शेवटच्या क्षणी त्याला हातात धरून असते. मला झेपत नाही म्हणून मात्र कोणाला झोपवायचं नाही, तिथे दुसरा सांभाळणारा शोधायचा. तुमच्या तिघांपैकी आज कोणीही त्या टोकाला दिसत नाही.

तर माझं उत्तर: हे तिघे ठेवा, उरलेल्या नऊ-दहांसाठी आत्ताच हो म्हणू नका. त्यांच्यासाठी दुसरी घरं आणि सांभाळणारे शोधायला तुमच्या खोल्यांपेक्षा तुमचा फोन जास्त उपयोगी पडेल. सहा महिने रोजची मिनिटं लिहा. घरातल्या दुसऱ्या माणसाला लघवी काढायला, भरवायला, डोळ्यात मलम घालायला शिकवा आणि प्रत्येक जागेवर त्या सशाचा कागद लावा: वजन, औषध, वेळ, डॉक्टरांचा नंबर. सहा महिन्यांनी तुम्ही दोन दिवस आजारी पडलात आणि तिघांचं काहीही चुकलं नाही, तर चौथ्याचा विचार करू.

आज संध्याकाळी तिघांचं वजन करून लिहून ठेवा. आणि मादीचा जमिनीकडचा डोळा टॉर्च तिरका धरून बघा. बुबुळावर धुरकट ठिपका दिसला तर उद्यावर ढकलू नका.